हिरवळ, हुमणी आणि तुझ्या कोंबड्या

९ सप्टेंबर

धाकटे,

वर नमस्कार, आशीर्वाद काहीच लिहिलेलं नाही, ते मुद्दाम. नमस्कार तू करायचास, थोरली जाऊ मी आहे. आणि आशीर्वाद द्यायला समोर डोकं लागतं. ते तू घेऊन गेलीस.

तुझ्या कोंबड्या जिवंत आहेत, एवढं कळवायला हे लिहिते आहे. लंगडी अजून लंगडते आणि अजून सगळ्यांच्या आधी दाण्यांवर पोचते. मास्तरीण पुन्हा खुडूक बसली आहे. खाली अंडं नाही की काही नाही, नुसती फुगून जागा अडवते आणि हात घातला की टोचते. पांढरी गेली, वय झालं होतं तिचं. तिच्या जागी दोन नव्या आल्या. आल्या म्हणजे मीच आणल्या, पण खुराडं ओकंबोकं दिसत होतं म्हणून. माया-बिया काही नाही. कोंबडी या जातीशी माझं काय आहे ते तुला ठाऊक आहे.

जाताना खुराड्याची किल्ली माझ्या दारावरच्या खिळ्याला अडकवून गेलीस. "ताई, येते हं" एवढंसुद्धा तोंडातून निघालं नाही. मी सकाळी दार उघडलं तर किल्ली कपाळावर आपटली. तिसरं वर्ष चाललंय. रोज ती किल्ली काढते, खुराडं उघडते, दाणे टाकते, किल्ली परत अडकवते आणि तुला दोन शिव्या घालते. तेव्हा आठवण निघत नाही असं कुणी म्हणू नये.

तुझ्या सुनेचा फोन आला होता. म्हणाली, "सासूबाई आता इथेच राहायचं म्हणतायत. वर्षअखेरीला तिकडचं घर भाड्याने द्यावं असा विचार आहे." मी म्हटलं, "छान. फक्त भाडेकरू कोंबड्या पाळणारा नको म्हणावं." ती खूप हसली. मी विनोद केलाच नव्हता.

बाकी ठीक. ह्यांच्या हिरवळीवर दोन-तीन पिवळे डाग पडलेत. पाणी कमी पडलं असेल. मी शिंप्याची बायको, गप्प थोडीच बसणार? कुंपणाच्या कोपऱ्यातली चांगली हिरवळ टेपने मोजून, मुळांसकट कापून काढली आणि डागांच्या जागी ठिगळं लावली. कडा अशा जुळवल्यात की ह्यांनासुद्धा जोड सापडला नसता.

उत्तर पाठवायची गरज नाही.

थोरली


१५ सप्टेंबर

धाकटे,

ठिगळं मेली.

डाग पसरले आणि एकमेकांना जाऊन भेटले. आज सकाळी मी एका ठिगळाची कड धरून जरा ओढली, तर ठिगळ आलंच, वर शेजारची हातभर हिरवळही उचलली गेली. कोटाचं अस्तर उसवलं की सुटतं ना, तशी. खाली मूळ म्हणून नाही. आणि मातीत पांढऱ्या, जाड, अंग वाकडं करून पडलेल्या अळ्या, बटणांचा डबा उलटा झाल्यासारख्या. मी किंचाळले. जाळीपलीकडे तुझ्या कोंबड्याही किंचाळल्या. आधी वाटलं, मला हसतायत.

एक अळी काड्यापेटीत घालून बी-बियाणांच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने पेटी उघडली, बघितली, मिटली.

"हुमणी आहे बाई. भुंगेऱ्याची पिल्लं. मुळं खाते. तुम्ही वरून कितीही पाणी घाला, खाली तोंडच नाही तर पिणार कोण?"

"उपाय?"

त्याने एक डबा काढून ठेवला. आत दाणेदार औषध. "हिरवळीवर फेकायचं, पाणी मारायचं. आठवड्यात सगळं साफ."

"अंगणात कोंबड्या आहेत."

"तुमच्या?"

"माझ्या जावेच्या."

"मग तुम्ही कशाला काळजी करता?" म्हणाला मेला, आणि स्वतःच हसला.

डबा घेऊन आले. आपल्या बाहेरच्या खोलीत ह्यांच्या मशीनखाली ठेवलाय आणि तिथेच कापायच्या टेबलावर बसून तुला लिहिते आहे. खोलीला अजून खडूचा आणि इस्त्रीच्या ओल्या कापडाचा वास येतो. निदान मला तरी येतो.

तुला आठवतं ना, ही हिरवळ कशी झाली ते? मागे नुसती फुटक्या कौलांची आणि चिंध्यांची रास होती. दोघे भाऊ दिवसभर इथे शिवायचे आणि दुकान बंद केलं की मागे जाऊन खणायचे. ह्यांनी जमिनीवर दोरी ताणून खडूने रेघा आखल्या होत्या. भाऊजी म्हणाले, "दादा, गवत लावायचंय की विजारीचं माप घ्यायचंय?" तरी हे एकेक काडी ओळीत लावत गेले, टाका घालावा तशी. आपण दोघी कडेला बाकावर बसून काजं करत होतो. तू पोटुशी होतीस आणि सारखी चिंच मागत होतीस. मग तुझा मुलगा त्याच हिरवळीवर पहिली पावलं टाकायला शिकला. पडला की रडायचा नाही, उलट मुद्दाम पडायचा. मला मूल नाही हे त्या संध्याकाळी मी विसरून जायचे. कधी सांगितलं नाही तुला. आता सांगितलं.

संध्याकाळी चार वेताच्या खुर्च्या. मधे स्टूल, त्यावर रेडिओ. भाऊजी बातम्यांशी भांडायचे आणि हे गुडघे टेकून हिरवळीची कड जुन्या कात्रीने कापत बसायचे. गिऱ्हाइकं कपडे न्यायला यायची ती मागे येऊन हिरवळ बघून जायची. मी प्रत्येकाला सांगायचे, "ह्यांच्या हाताला गुण आहे." सकाळी तर काय, न्हाऊन निघाल्यासारखी ओली असायची. हे माझ्याआधी उठायचे. "तू पड, मी जरा हिरवळीकडे बघून येतो," म्हणायचे आणि परत यायचे ते चहाचा कप घेऊनच. एवढ्या वर्षांत पहिला चहा मी स्वतः केला असेन तो फक्त हे आजारी असतील तेव्हा.

आता दुसरंही लिहितेच. मी हिरवळीवर कोंबड्यांना बंदी का केली, ते तू विसरली नसशील. तुझ्या त्या माहेराहून टोपलीतून आलेल्या कोंबडीने दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कोटावर जे काही केलं, ते घेऊन मला गिऱ्हाइकासमोर उभं राहावं लागलं होतं. त्या दिवशी मी ह्यांना स्पष्ट सांगितलं, हिरवळीवर कोंबडी दिसता कामा नये. हे म्हणाले, "दिसणार नाही." आणि शब्द पाळला हो माणसाने. पुन्हा एक पीस दिसलं नाही.

आणि तू? भाऊजी तर आधीच गेले होते, आणि ह्यांना जाऊन महिना झाला नव्हता. पहाटे खिडकीशी आले तर तुझं खुराडं सताड उघडं, सगळ्या कोंबड्या ह्यांच्या हिरवळीवर, आणि तू त्यांचंच दंताळं हातात घेऊन मधे उभी. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "ते गेले म्हणून आता मोकळं रान का?" म्हणाले. अजून बरंच म्हणाले. तू एक शब्द बोलली नाहीस. बोलली असतीस तर भांडण झालं असतं आणि भांडण झालं असतं तर मिटलं असतं. मी दुसऱ्या दिवशी अंगणाच्या मधोमध जाळी घातली. तू महिन्याभरात लेकाकडे गेलीस.

असो. औषध उद्या टाकणार. जाळी आहेच मधे. ही हिरवळ गेली तर ह्यांचं असं माझ्याजवळ काय उरतं, सांग? मशीन कुणाचंही असतं.

थोरली

ता. क. लिफाफा चिकटवायला उठले तर लंगडी जाळीवरून उडून अलीकडे आलेली, आणि मी उचकटलेल्या जागी मान वाकडी करून बसलेली. त्या पायाने एवढी उंच जाळी कशी चढली, तिलाच माहीत. औषध परवा टाकीन.


२० सप्टेंबर

धाकटे,

औषध टाकलेलं नाही. खूश हो.

त्या लंगडीमुळे जनावरांच्या डॉक्टरणीकडे गेले. पोरगीच आहे, तुझ्या सुनेएवढी. माझ्याआधी एक कुत्रा कानाला पट्टी बांधून बसला होता आणि त्याचा मालक त्याच्यापेक्षा जास्त विव्हळत होता. औषधाचा डबा दाखवला. तिने सगळं बारीक अक्षरातलं वाचलं.

"आजी, हे दाणे कोंबडीला खायचे दाणेच वाटणार."

"जाळी आहे मधे."

"एक तर आधीच उडून आली ना? आणि समजा कोंबडी आली नाही. मरायला टेकलेल्या अळ्या मातीवर येऊन वळवळतात, त्या कुठेही जातील. कोंबडी सगळ्यात आधी त्याच उचलते, कारण त्या पळत नाहीत. आणि त्या कोंबडीचं अंडं कोण खातं?"

मी म्हटलं, "शेजारीपाजारी." खरं तर मीच खाते, रोज एक. तुझ्यासमोर नाक मुरडायचे, ते सोड.

तिने सांगितलेलं थोडक्यात लिहिते. मातीत राहणारे, डोळ्यांना न दिसणारे एक जातीचे जंत असतात. ते हुमणीच्या अंगात शिरून तिला मारतात. कोंबडीला, माणसाला, गांडुळाला काही करत नाहीत. पुडीत मिळतात, पण थंडाव्यात ठेवावे लागतात. ऊन उतरल्यावर झारीच्या पाण्यात कालवून ओल्या मातीवर घालायचे आणि माती पुढे काही दिवस वाळू द्यायची नाही. पुढच्या वर्षी भुंगेरे उडायला लागले की दिव्याखाली साबणाच्या पाण्याची परात ठेवायची. आणि गवत फार बुटकं कापायचं नाही. ह्यांना हे शेवटचं मुळीच पटलं नसतं. त्यांना ते कापडासारखं सपाट लागायचं.

तर माझ्या फ्रिजमध्ये दोन दिवस जंत होते. दुधाच्या पातेल्याशेजारी! मी दूध बघून चहा कोरा पीत होते. काल संध्याकाळी झारीने घातले. कंबरेचे टाके ढिले झालेत.

दुकानदाराला डबा परत दिला. म्हणाला, "काय बाई, जाऊबाईंच्या कोंबड्यांची दया आली?" मी म्हटलं, "जाऊबाईंची नाही आली, एवढं लक्षात ठेवा."

पण डॉक्टरीण म्हणाली, जंतांना वेळ लागेल आणि हुमणी फार आहे. जेवढी हाताने वेचून काढाल तेवढं बरं. नाहीतर मेलेलं गवत मोकळं करा आणि कोंबड्यांना थोडा वेळ सोडा, त्याच वेचतील. मी म्हटलं, ते होणार नाही. ती म्हणाली, का? आता तिला कोटाची गोष्ट सांगत बसू का मी?

वेचायला गेले. चार अळ्या उचलल्या चिमट्याने आणि उलटी झाली. निम्मी हिरवळ गेली आहे, धाकटे. स्टूल असायचं तिथपर्यंत आली आहे हुमणी.

थोरली


२८ सप्टेंबर

धाकटे,

आज एक चमत्कारिक गोष्ट झाली. कुणाला सांगू? म्हणून तुलाच.

मेलेलं गवत मोकळं करायचं म्हणून मागच्या पडवीतून ह्यांचं दंताळं काढलं. ते गेल्यापासून हात लावला नव्हता. एकदा तू लावलास तेवढाच. दांड्याला त्यांनी कापडाची पट्टी गुंडाळलेली आहे, निळ्या कोटाची, हाताला फोड येऊ नये म्हणून. ती अजून घट्ट आहे. मी जरा वेळ नुसती धरून उभी राहिले. मग दंताळं ओढलं. खर्र, खर्र.

तर पलीकडे एकदम गोंधळ! लंगडी, मास्तरीण, तांबडी, सगळ्या जुन्या कोंबड्या खुराड्यातून अशा धावत सुटल्या की मला वाटलं मागे मुंगूस लागलं. मास्तरीण, जी खुडूक म्हणून दाण्यालासुद्धा उठत नाही, तीही. आल्या आणि जाळीला एकाच जागी चिकटून उभ्या राहिल्या. माना वर, पंख अर्धे उघडे, आणि काय तो कलकलाट, उघड ना उघड ना असा. दोन्ही नव्या पोरी आपल्या मागे उभ्या, काही न समजून.

मी थांबले. त्या गप्प झाल्या. पुन्हा ओढलं. पुन्हा कलकलाट. मी दाण्याचा डबा वाजवते तेव्हासुद्धा एवढ्या धावत नाहीत.

आणि जागा कुठली, सांगू? मी जाळी घालायच्या आधी तुझ्या खुराड्याचं मागचं छोटं फाटक हिरवळीकडे उघडायचं ना, बरोबर तिथे. ते फाटक तर कोटाच्या भांडणापासून बंद असायचं असं मी समजत होते. आज जाऊन बघितलं. बिजागरीला तेल आहे. वाळलेलं, पण आहे. मशीनचं तेल, वासावरून कळलं.

धाकटे, कोंबड्या दंताळ्याच्या आवाजाला का धावतात?

फोन करू नकोस. फोनवर तू नुसती "हो ताई, नाही ताई" करशील. लिहून सांग. उत्तराची गरज नाही म्हणाले होते, ते मागे घेते.

थोरली


१४ ऑक्टोबर

धाकटे,

तुझं पत्र आलं. एवढुसा कागद! आयुष्यभर कमी बोललीस, लिहितानाही हात आखडताच. मी ते पत्र इथे उतरवून काढते, कारण तू काय लिहिलंस ते तुलाही पुन्हा वाचायला मिळालं पाहिजे, लबाडे:

"ताई, आधी दंताळं फिरवायचं, मग फाटक उघडायचं. एकाच पट्ट्यात सोडायच्या, रोज पट्टा बदलायचा. त्यांचं लक्ष वेचण्यातून उकरण्याकडे गेलं की लगेच आत घ्यायच्या, नाहीतर खड्डे करतात. मग वरून भरपूर पाणी मारायचं म्हणजे शीट धुऊन मुरते. दादा असंच करायचे. तुमच्या कोटाच्या भांडणानंतर पुढच्याच वर्षी हुमणी लागली होती तेव्हापासून. तुम्ही उठायच्या आत. मी फाटक उघडायची, ते दंताळं धरायचे. मी एकदा म्हटलं, ताईंना सांगून टाकू. तर म्हणाले, नको. ती सगळ्यांना सांगते माझ्या हाताला गुण आहे म्हणून. तेवढं तिचं राहू दे. ते गेल्यावर हिरवळ पिवळी पडायला लागली होती म्हणून त्या दिवशी मी एकटी उतरले. तुम्ही ओरडलात तेव्हा सांगणार होते. पण तुम्ही रडत होतात. दादांचं तेवढं तुमच्याकडून काढून घ्यायला माझी जीभ वळली नाही."

वाचलं आणि आधी मला असा राग आला म्हणून सांगू! दोघं! माझ्या घरात, माझ्या नाकाखाली! मी अंथरुणात राणीसारखी चहाची वाट बघत पडलेली आणि बाहेर ह्यांचा कोंबड्यांचा कारखाना चालू! एकदा ह्यांच्या शर्टाच्या खिशात पीस सापडलं होतं. "कान कोरायला ठेवलंय," म्हणाले. आणि मी काय म्हणावं? "घाणेरडं आहे, धुऊन ठेवा." धुऊन ठेवलं त्यांनी! आणि ती सकाळची ओली हिरवळ. मी गिऱ्हाइकांना सांगायचे, आमच्याकडे दव फार पडतं.

मग हसू आलं. एकटीच कापायच्या टेबलावर डोकं टेकून हसले. मग काय झालं ते लिहीत नाही, तुला कळेल.

तू हे पोटात ठेवून गेलीस, धाकटे. मी तुला नाही नाही ते बोलले, ह्यांच्या हिरवळीच्या जिवावर उठलीस असं बोलले, आणि तुझ्याजवळ एका वाक्यात मला गप्प करायची सोय होती. ती तू वापरली नाहीस. तुझ्या जागी मी असते तर अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं असतं.

जाळी कापली. पक्कड सापडेना, तेव्हा ह्यांच्या मोठ्या कापडाच्या कात्रीने कापली. त्या कात्रीने मी एकदा कागद कापला तर हे दोन दिवस बोलले नव्हते. आता तिची धार गेली आहे. चालेल.

थोरली


९ नोव्हेंबर

धाकटे,

रोज सकाळी उतरते. दंताळं फिरवते, फाटक उघडते. नव्या पोरीही आता शिकल्या, लंगडीच्या मागे मागे राहतात. डॉक्टरीण येऊन बघून गेली. तिने एक जागा उचकटून दाखवली, हुमणी तपकिरी होऊन मेलेली. म्हणाली, जंतही कामाला लागलेत आणि कोंबड्याही. पायाखालची हिरवळ आता उचलली जात नाही, ओढली तर धरून राहते. मध्यभागी टकलं आहेत अजून. स्टूल असायचं तिथे तर नुसती माती आहे. पण कडेने बारीक, कोवळी काडी यायला लागली आहे. ओळीत नाही, कशीही वेडीवाकडी. मी ती सरळ करायला गेले नाही.

काल शेजारीण डोकावून म्हणाली, "वाचली बाई तुमची हिरवळ. तुमच्या ह्यांच्या हाताला गुणच होता." मी तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हटलं, "होताच." बघ, मलाही जमलं. तुम्हा दोघांच्या लबाडीत मीही आले.

एक अडचण मात्र आहे. सोडायला जमतं, आत घ्यायला जमत नाही. मी हाका मारते, हातवारे करते, नव्या जातात, पण लंगडी आणि मास्तरीण माझ्याकडे बघतात आणि पुन्हा उकरायला लागतात. परवा खुर्च्यांच्या जागी एवढा खड्डा केला की त्यात मास्तरीण अख्खी मावली. तू काहीतरी आवाज काढायचीस, जिभेने, टाळूला लावून. मी अंगणात उभी राहून करून बघितला. समोरच्याने खिडकी उघडून विचारलं, "आजी, तब्येत बरी आहे ना?"

तुझ्या सुनेला मी फोन केला. म्हटलं, घर भाड्याने द्यायचं नाही. ती म्हणाली, "का हो मोठ्या सासूबाई?" मी म्हटलं, "भाडेकरूला कोंबड्या आत घेता येणार नाहीत." या वेळी ती हसली नाही. म्हणाली, "मी विचारते त्यांना." तू विचार करायला वेळ लावशील, मला माहीत आहे. पण खड्डे वाढतायत.

मला तू हवी आहेस, धाकटे. कोंबड्यांसाठी नाही. संध्याकाळी चारांतल्या दोन खुर्च्या बाहेर काढते, एकीवर बसते आणि दुसरीकडे बघत राहते. ती दुसरी ह्यांची नाही, तुझी आहे. हिरवी पट्टी विणलेली.

किल्ली माझ्या खिळ्यावरून काढली आहे. तुझ्या दारावर खिळा ठोकून तिथे अडकवली. जरा खालीच ठोकलाय, कपाळाला लागणार नाही असा.

आलीस की पहाटे उठून कोंबड्या सोड, दंताळं पडवीत आहे. मी झोपेचं सोंग घेऊन पडून राहीन, मला काही दिसणार नाही. पाणी मारून झालं की तेवढा चहा घेऊन ये.

तुझी ताई